अंतरपाट दूर होताना : पुढच्या कॅमेऱ्याकडून छायाचित्रकारांच्या अपेक्षा

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नाच्या मांडवात शेवटचे मंगलाष्टक संपते, वाजंत्री एकदम वाजू लागते आणि अंतरपाट बाजूला होतो. वधूवर एकमेकांना पाहतात तो क्षण जेमतेम सेकंदभराचा असतो आणि नेमके त्याच वेळी दोनतीनशे माणसे अक्षता उधळत असतात. वधूच्या डोळ्यांवर धरलेला स्वयंचलित फोकस मध्येच उडालेल्या तांदळाच्या दाण्यावर झेप घेतो, नाहीतर चेहऱ्यासमोर लोंबणाऱ्या मुंडावळ्यांवर जाऊन बसतो. घरी येऊन पाहावे, तर अक्षता रेखीव आणि वधू धूसर. असे छायाचित्र ज्याच्या हातून कधीच निघाले नाही, असा लग्नाचा छायाचित्रकार महाराष्ट्रात सापडायचा नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम आधी घेतले. नव्या कॅमेऱ्याची चर्चा सहसा आकड्यांपासून सुरू होते आणि आकड्यांतच संपते. परंतु या व्यवसायावर पोट असलेल्या माणसाला ‘पुढच्या कॅमेऱ्यात काय हवे’ असे विचारले, तर तो आधी हातून निसटलेली छायाचित्रे आठवू लागतो. त्या निसटलेल्या छायाचित्रांच्या कारणांचा शोध घेतला, म्हणजे मागण्या आपोआप समोर येतात.

बिंदूंच्या संख्येचा, म्हणजे मेगापिक्सेलचा विषय प्रथम उरकून घेऊ. 1999 साली आलेल्या निकॉन डी-1 या कॅमेऱ्यात सुमारे 27 लाख बिंदू होते आणि तेवढ्यावर अनेक वृत्तपत्रांनी फिल्मचा निरोप घेतला. आज साडेचार कोटी बिंदूंचे कॅमेरे सर्रास वापरात आहेत, काही सहा कोटींच्याही पुढे गेले आहेत. मासिकाची दोन समोरासमोरची पाने, म्हणजे ए-3 आकाराचा कागद, इंचाला 300 ठिपके या दर्जाने छापायचा असेल तर सुमारे 1 कोटी 74 लाख बिंदू पुरतात. चौकातल्या होर्डिंगला त्याहूनही कमी चालतात, कारण ते रस्त्यापलीकडून पाहायचे असते. जंगलात दूरचा पक्षी टिपून नंतर चौकट कातरणाऱ्यांना जास्तीचे बिंदू उपयोगी पडतात, हे खरे. बाकीच्यांच्या ते फक्त हार्ड डिस्का भरतात.

खरा प्रश्न आहे तो सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसलेली प्रकाश टिपणारी चिप, किती वेगाने वाचला जातो याचा. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील सेन्सर आपल्यावर पडलेले चित्र एका दमात वाचत नाही. पाटीवरच्या ओळी वाचाव्यात तसा तो वरून खाली, एकेक ओळ वाचत येतो. पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्या मधल्या काळात समोरची वस्तू हललेली असते. गणपतीच्या मिरवणुकीत ताशावर पडणाऱ्या काड्यांचे चित्र आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरने घेतले, तर सरळ काडी वेताच्या छडीसारखी वाकलेली दिसते. हा दोष टाळण्यासाठी धातूच्या पात्यांचे यांत्रिक शटर वापरता येते, पण मग ‘खट्‌’ असा आवाज आला. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत विलंबित आलापी सुरू असताना पहिल्या रांगेसमोर बसून तो आवाज ज्याने केला आहे, त्याला मागून येणाऱ्या नजरांचे वजन ठाऊक आहे.

वाचनाचा वेग वाढवण्यासाठी सेन्सरच्या मागे स्मृतीचा आणि प्रक्रियेचा थर जोडण्याची पद्धत आली आणि 2021 साली निकॉनने झेड-9 या कॅमेऱ्यातून यांत्रिक शटर काढूनच टाकले. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये सोनीने ए-9 च्या तिसऱ्या आवृत्तीची घोषणा केली. तिच्यात ‘ग्लोबल शटर’ आहे, म्हणजे सगळे बिंदू एकाच क्षणी प्रकाश घेतात आणि एकाच क्षणी थांबतात. त्यामुळे वाकलेली काडी सरळ झालीच, शिवाय फ्लॅशची एक जुनी अडचणही सुटली. पात्यांच्या यांत्रिक शटरने सेन्सर संपूर्ण उघडा राहतो तो साधारण 1/200 किंवा 1/250 सेकंदापर्यंतच. त्याहून वेगवान शटरला उघडी फट पुढे सरकत जाते आणि फ्लॅशचा एकच झोत सगळ्या चित्रावर पोचत नाही. भर दुपारी बाराच्या मुहूर्ताला, अंगणातल्या उन्हात, नवरीच्या डोळ्यांखालची सावली फ्लॅशने उजळायची तर आजवर कसरत करावी लागत असे. ग्लोबल शटरमध्ये ही मर्यादा उरत नाही.

मग सगळ्यांनी तोच कॅमेरा का घेतला नाही? किमतीचे कारण आहेच, पण दुसरे कारण अधिक तांत्रिक आहे. प्रत्येक बिंदूला आपला प्रकाशभार वाचनाची पाळी येईपर्यंत कुठेतरी सांभाळून ठेवावा लागतो आणि त्या कोठीची जागा प्रकाश साठवण्याच्या जागेतूनच जाते. त्या कॅमेऱ्याचा पायाभूत आयएसओ, म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देण्याच्या क्षमतेचा सर्वांत खालचा मूळ आकडा, 250 आहे, इतर अनेक कॅमेऱ्यांत तो 100 किंवा त्याच्याही खाली असतो. अर्थात उजळ भाग आणि गडद भाग एकाच चित्रात सांभाळण्याची त्याची ताकद थोडी उणी पडते. व्यावसायिकांचे मागणे असे, की ग्लोबल शटर द्या आणि त्यासाठी सावल्यांतला तपशील आमच्याकडून काढून घेऊ नका. माझ्या मते पुढच्या पिढीचा कॅमेरा खरोखर पुढच्या पिढीचा आहे की नाही, हे याच एका मुद्द्यावर ठरेल.

एलईडी दिव्यांचा त्रासही याच ओळीवाचनातून येतो. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असल्याने साधे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. मंगल कार्यालयातील रंगीत एलईडी आणि रंगमंचामागचे पडदे तर त्याहून कितीतरी वेगाने लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण सेन्सरच्या काही ओळी उजेडात वाचल्या जातात, काही अंधारात, आणि नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीवर आडवे पट्टे उमटतात. शंभराच्या लुकलुकीवर उपाय कॅमेऱ्यांत आलेला आहे. उरलेल्या दिव्यांसाठी बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचा वेग अंशाअंशाने जुळवत बसावे लागते. कॅमेऱ्याने दिव्याची लय स्वतः ओळखून वेग जुळवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता एक मागणी अशी, की जी अगदी स्वस्त आहे आणि तरीही वर्षानुवर्षे टोलवली जाते. गंभीरपणे काम करणारे लोक ‘रॉ’ फाइल घेतात, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उजेडाचा जो आलेख, म्हणजे हिस्टोग्राम दिसतो, तो मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत या कच्च्या माहितीवरून काढलेला नसतो; रंग-उठाव चढवून तयार केलेल्या जेपेग चित्रावरून तो काढलेला असतो. गोष्ट धान्याची आणि तपासायची भाकरी, असा हा प्रकार. लाल शालूचा किंवा पिवळ्या झेंडूचा रंग ‘जळाला’ असे कॅमेरा दाखवतो, म्हणून छायाचित्रकार उजेड कमी करतो आणि घरी आल्यावर कळते की कच्च्या फाइलमध्ये अजून बरीच जागा शिल्लक होती. उलट सावल्या उगाच गडद राहिल्या आणि त्या उजळताना चित्रात खरखरीत ठिपके उमटले. हे टाळण्यासाठी काही जाणकार पांढऱ्या रंगाचे गणित, म्हणजे ‘व्हाइट बॅलन्स’, मुद्दाम बिघडवून ठेवतात. मग पडद्यावर सगळी लग्ने हिरवी दिसतात आणि यजमान घाबरतात. कच्च्या माहितीचा खरा आलेख दाखवायला नवा सेन्सर लागत नाही, नवे भिंग लागत नाही. लागतो तो कॅमेऱ्याच्या आज्ञावलीतील बदल.

फोकसबद्दल थोडक्यात सांगतो. डोळा ओळखणारे फोकस ही गेल्या काही वर्षांतील मोठी सोय आहे, यात वाद नाही. 1992 साली कॅननने ईओएस-5 या फिल्म कॅमेऱ्यात छायाचित्रकाराच्याच डोळ्याची हालचाल पाहून फोकसची जागा ठरवण्याची युक्ती आणली होती. ती पुढे बाजूला पडली आणि 2021 साली आर-3 या कॅमेऱ्यातून परत आली. आम्हां चष्मेवाल्यांना ती अजून पुरती वश झालेली नाही. अक्षता आणि मुंडावळ्या यांच्याबाबत मात्र एक साधी गोष्ट हवी आहे : ‘हाच चेहरा धर आणि मध्ये काहीही आले तरी सोडू नकोस’ असे कॅमेऱ्याला एका बटनाने सांगता यावे. आजची ‘चिकाटी’ ठरवण्याची सोय मेनूच्या तळघरात असते आणि अंतरपाट दूर होताना तळघरात उतरायला वेळ नसतो.

वृत्तछायाचित्रकारांची सर्वांत मोठी मागणी चित्राच्या दर्जाशी संबंधित नाही. संगणकाने बनवलेली खोटी छायाचित्रे आज इतकी बेमालूम असतात, की खऱ्या चित्रालाच आपला खरेपणा सिद्ध करावा लागतो. यावरचा एक उपाय म्हणजे बटन दाबताक्षणी कॅमेऱ्यानेच चित्रावर सांकेतिक सही करावी आणि नंतरच्या प्रत्येक बदलाची नोंद त्या सहीसोबत राहावी. ऑक्टोबर 2023 मध्ये लायकाने एम-11-पी या कॅमेऱ्यात ही सोय दिली; सोनी, निकॉन आणि कॅनन यांनीही त्या दिशेने पावले टाकली आहेत. ही सोय मोजक्या महागड्या कॅमेऱ्यांपुरती न ठेवता जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वार्ताहराच्या कॅमेऱ्यातही असली पाहिजे, कारण खोट्या चित्राचा आरोप होतो तेव्हा त्याच्यामागे मोठ्या वृत्तसंस्थेचे बळ नसते.

या उपायाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सही एवढेच सांगते, की हे चित्र अमुक कॅमेऱ्याने टिपले आणि त्यात पुढे काय बदलले. समोरचा प्रसंगच रचलेला असेल, तर रचलेल्या प्रसंगाचेही चित्र सहीनिशी खरेच ठरेल. शिवाय व्हॉट्सॲपवरून चित्र साध्या पद्धतीने पाठवले की त्याच्यासोबतची नोंद गळून पडते. आपल्याकडे बातमीचे चित्र लोकांपर्यंत पोचते ते बहुधा याच वाटेने. तेव्हा सही टिकवण्याचे काम एकट्या कॅमेऱ्याचे नाही.

आणि इथेच एक उलटी मागणी पुढे येते. डिसेंबर 2016 मध्ये ‘फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशन’ या संस्थेच्या पुढाकाराने दीडशेहून अधिक माहितीपटकार आणि वृत्तछायाचित्रकार यांनी कॅमेरा कंपन्यांना खुले पत्र लिहिले, की कार्डावरची चित्रे कुलूपबंद करण्याची सोय कॅमेऱ्यातच द्या. खिशातला फोन आपोआप कुलूपबंद होतो. पण कॅमेरा कोणी हिसकावून घेतला तर त्यातील प्रत्येक चेहरा, ज्याने विश्वासाने तोंड दाखवले त्याचासुद्धा, हिसकावणाऱ्याच्या हाती जातो. एकाच यंत्राने चित्र कोणी, कुठे, केव्हा काढले हे सिद्धही करावे आणि प्रसंगी लपवूनही ठेवावे, अशी ही दुहेरी अपेक्षा आहे. तिच्यात मला विसंगती दिसत नाही. काय उघड करायचे, हे ठरवण्याचा अधिकार छायाचित्रकाराच्या हाती असावा, एवढाच तिचा अर्थ.

नावाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. चित्रासोबत जाणाऱ्या माहितीचा ‘एक्झिफ’ नावाचा जो प्रमाणित आराखडा आहे, त्यातील छायाचित्रकाराच्या आणि हक्काच्या रकान्यांना बरीच वर्षे फक्त साधी इंग्रजी अक्षरे मान्य होती. 2023 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने यूटीएफ-8 या, जगभरच्या लिप्या सामावणाऱ्या संगणकीय अक्षरपद्धतीची मुभा दिली, म्हणजे आता तिथे देवनागरी लिहिण्याची वाट मोकळी झाली आहे. माझे नाव कॅमेऱ्यात माझ्या लिपीत लिहिता यावे, ही इच्छा काही अवाजवी नव्हे.

आता कॅमेऱ्याच्या देहाविषयी. जेजुरीला सोमवती अमावस्येला भंडारा उधळला जातो तेव्हा ती बारीक हळद भिंगाच्या कड्यातून, बटनांच्या फटींतून, कार्डाच्या दारातून आत शिरते. आषाढी वारीत दिवे घाट चढताना अंगावर पाऊस आणि पाठीवर पोते, अशा अवस्थेत भिंग बदलावे लागते. भिंग काढताक्षणी सेन्सरवर पडदा ओढला जाणे ही सोय काही कॅमेऱ्यांत आलेली आहे; ती सगळ्यांत यावी. बॅटरीचेही तसेच. निकॉन डी-5 हा आरशाचा, म्हणजे भिंगातले दृश्य आरशाने डोळ्यापर्यंत नेणारा कॅमेरा प्रमाणित चाचणीत एका बॅटरीवर 3,780 चित्रे काढत असे. आजच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा आकडा बहुधा काही शेकड्यांत असतो, कारण त्यांचा व्ह्यूफाइंडर, डोळा लावून पाहायची ती खिडकी, म्हणजे सतत जळणारा एक लहानसा टीव्हीच आहे. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून कॅमेऱ्यांनाही टाइप-सी चार्जिंग सक्तीचे केले, त्यामुळे निदान चार्जरांची पिशवी हलकी होईल.

दिवे घाटातल्या अशाच एका पावसात माझा कॅमेरा बंद पडला. आत गेलेले पाणी चमचाभरही नसेल. सेवा केंद्राने त्याला सात आठवडे ठेवून घेतले आणि अखेर संपूर्ण मुख्य सर्किट बदलण्याचा जो खर्च सांगितला, त्यात एक वापरलेला कॅमेरा सहज आला असता. आमच्या पेठेत एक दुरुस्ती करणारे काका आहेत, ज्यांनी चाळीस वर्षे फिल्मचे कॅमेरे उघडून, पुसून, जोडून दिले. मी कॅमेरा त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, खालचे चार स्क्रू काढले, आत डोकावले आणि परत लावले. सुटा भाग कंपनी देत नाही आणि दिला तरी तो कंपनीच्या संगणकाने ओळखल्याशिवाय चालत नाही, असे त्यांनी सांगितले. पुढचा कॅमेरा सेकंदाला किती चित्रे काढतो, हे मी दुकानात नंतर विचारीन. आधी त्याचा कार्डाचा दरवाजा, रबराची कड आणि बॅटरीचे झाकण सुटे मिळते का, आणि ते काकांना बसवता येते का, एवढे विचारणार आहे.

नमस्कार.