कॅनडात मिरची लावताय? ऊन नंतर बघा, आधी रात्र बघा

नमस्कार मंडळी!

(कुंडी कॅमेऱ्यासमोर धरून) हे रोप ज्वाला मिरचीचं. माझ्या एका मैत्रिणीनं मेच्या सुरुवातीला, छान ऊन पडलं म्हणून, बाहेर काढलं होतं. आता जून लागला तरी एक नवं पान नाही. आणि ही खालची पानं बघा, जरा जवळून दाखवते. देठाकडे, शिरांवर जांभळट झाक दिसतेय? कुणीही म्हणेल फॉस्फरस कमी पडला, खत घाला. थांबा! मातीत फॉस्फरस असतो हो, पण माती गार पडली की मुळांना तो उचलता येत नाही. या रोपाला खत नकोय, ऊब हवीय.

आपल्याकडे खरिपाची मिरची लावताना लोक पाऊस बघतात. रात्र किती गार आहे, हा प्रश्न जूनमध्ये पुण्यात कुणाला पडणार? रात्रीसुद्धा २२-२३ अंश असतातच. इथे टोरांटोत मे महिन्यात दिवसा २० आणि रात्री ६, असं सहज होतं. दुपारी तुम्ही टी-शर्टवर बाहेर असता, म्हणून वाटतं की मिरचीलाही बरं वाटत असेल. नाही वाटत. १५ अंशांच्या खाली ती जवळपास झोपूनच राहते, ५-६ वर पानं खराब व्हायला लागतात, आणि एक दहिवर पडलं, म्हणजे पारा शून्यावर आला, की सकाळी रोप उकडलेल्या पालकासारखं लोळलेलं.

म्हणून फोनवरच्या हवामानात दिवसाचा मोठा आकडा बघूच नका, त्याच्या खालचा लहान आकडा बघा. तो सलग आठवडाभर १२-१३ च्या वर राहिला की रोपं बाहेर. इथले जुने लोक व्हिक्टोरिया डेपर्यंत थांबा म्हणतात, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार. टोमॅटोला ते चालतं. मिरचीला मी आणखी आठवडाभर घरातच ठेवते.

फुलांचंही तेच. रात्र १२-१३ च्या खाली गेली तरी फुलं गळतात, आणि २४-२५ च्या वर राहिली तरी गळतात. नागपूरला राहिलेल्यांनी हे भोगलेलं असणार: मे महिन्यात झाड फुलांनी भरतं आणि मिरची एक धरत नाही. झाड आजारी नसतं, रात्र तापलेली असते. इथेही जुलैच्या उकाड्यात चार दिवस असे येतात. तेव्हा पाणी वेळेवर द्या आणि गप्प बसा. हवा उतरली की पुढची फुलं धरतात.

आता वेळेचं गणित. ज्वालासारख्या जातीला रोप लावल्यापासून हिरवी मिरची मिळायला अडीच महिने धरा. बाहेरचा मोसम जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, ऑक्टोबरात दहिवर येणार. म्हणजे रोप जूनमध्ये हातभर असायला हवं, आणि त्यासाठी बी फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये घरात पेरायचं. भूत जोलोकियासारख्या जहाल तिखट मिरचीचा हट्ट असेल तर जानेवारीतच, कारण तिचं बी उगवायलाच कधीकधी महिना घेतं. पहिल्या वर्षी तो हट्ट नकोच. ज्वालाचं बी इथे मिळतं. भारतातून बी आणायचं असेल तर आधी सरकारी नियम बघा. मिरची-टोमॅटोच्या बियांबरोबर विषाणू येतात, म्हणून बरेच देश त्याबाबत कडक आहेत.

उगवायला माती २५ ते ३० अंश हवी. घरातला हीटर २० वर असतो, त्यामुळे बी दोन आठवडे काहीच करत नाही आणि आपण उकरून बघतो. ट्रेखाली रोपांची हीट मॅट घाला. कोंब वर आले की लगेच उजेड. खिडकीवर भागत नाही, मार्चचं ऊन तिरकं असतं आणि रोप काचेकडे मान लांब करून पडतं. साधी एलईडी ट्यूब, रोपाच्या वर वीतभर अंतरावर, रोज १४-१५ तास.

बाहेर काढताना मात्र एकदम उन्हात नाही. घरात वाढलेली पानं दोन तासांत पांढरी पडतात. आधी सावलीत तासभर, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवस. वाफ्यापेक्षा काळी कुंडी बरी, १५ लिटरची, कारण ती उन्हानं लवकर तापते. आणि रात्र गार निघालीच तर उचलून आत आणता येते.

पानं वळली की लगेच "चुरडामुरडा आला" म्हणू नका. गावाकडे ते बहुतेक वेळा फुलकिडे किंवा कोळी या पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडींचं काम असतं. इथे आधी कुंडीत बोट घालून बघा. वरून कोरडी, आत चिखल, अशी असेल तर पाणी थांबवा. मग पान उलटं करून भिंगानं बघा.

शेवटचं, आणि बरेच जण इथेच रोप फेकून देतात. मिरची एका वर्षाचं झाड नाही. सप्टेंबरअखेर रात्री १० अंशांच्या खाली जायला लागल्या की सगळ्या मिरच्या तोडा, हिरव्या असल्या तरी; ठेचा होतोच. झाड वीतभर ठेवून छाटा, उरलेली पानं काढा, बुंधा साबणाच्या पाण्यानं नीट धुवा, नाहीतर मावा ही कीड घरात येईल आणि कढीपत्त्याच्या कुंडीवर पहिला बसेल. मग १२-१५ अंशांच्या बेसमेंटमध्ये, खिडकीजवळ. पाणी दोन-तीन आठवड्यांतून एकदा, जेमतेम. मार्चमध्ये उजेडात आणा. बुंध्यावर नखानं हलकं खरवडा: आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, पाणी वाढवा. तपकिरी आणि कोरडं असेल तर नवं बी पेरायला अजून वेळ आहे.