द्विधातू पट्टी: लांबी, जाडी, रुंदी

(क्लॅम्पमध्ये एका टोकाला पकडलेली पट्टी, खाली हीटर)

ही पितळ आणि इन्व्हार (लोखंड-निकेलचा मिश्रधातू) यांची पट्टी. प्रत्येक थर अर्धा मिलिमीटर जाड. तापल्यावर पितळ वाढतं, इन्व्हार नगण्य वाढतं. दोन्ही एकमेकांना जखडलेले, म्हणून पट्टी इन्व्हारच्या बाजूला वाकते.

तापमान ५० अंशांनी वाढवलंय. क्लॅम्पबाहेर १०० मिलिमीटर पट्टी आहे. टोक पावणेसात मिलिमीटरच्या आसपास सरकलं. आता क्लॅम्पबाहेर फक्त ५० ठेवू. सरकणं १.७ वर आलं, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर. जाडी निम्मी केली की मात्र ते दुप्पट होतं.

(ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा क्लोजअप)

सरकणं या सूक्ष्मदर्शकातून, न टेकता मोजतोय. इथे डायल गेज (टोकाला टेकवून सरकणं मोजणारं उपकरण) मुद्दाम लावलेला नाही. त्याची स्प्रिंग न्यूटनभर जोर लावते. १० मिलिमीटर रुंदीची ही पट्टी, १०० मिलिमीटर बाहेर असताना, पूर्ण अडवायला (टोक हलूच न द्यायला) दोनच न्यूटन लागतात, अर्ध्या जाडीची अर्ध्या न्यूटनातच अडते. गेज लावला तर आपण पट्टी मोजत नाही, तिला रेटत असतो.

(शेजारी २० मिलिमीटर रुंदीची पट्टी)

रुंदी दुप्पट, सरकणं तेवढंच. अडवायचा जोर मात्र दुप्पट.

(फळ्यावर दोन थरांची आकृती)

हे गणित अभियंते स्टीफन टिमोशेंको यांनी १९२५ मध्ये मांडलं. एका थरात दाब, दुसऱ्यात ओढ, दोन्ही बलं सारखी. दोन्ही थरांची वक्रता एक. आणि सांध्यावर दोघांची लांबी एकच. एवढ्या अटींतून सगळं निघतं. थर सारख्या जाडीचे आणि जवळपास सारख्या कडकपणाचे असले, तर सांध्यालगतचा ताण म्हणजे स्थितिस्थापकता गुणांक (धातूच्या कडकपणाचं माप), प्रसरणांकांतला (अंशामागे लांबी किती वाढते त्या प्रमाणांतला) फरक आणि तापमानवाढ यांच्या गुणाकाराच्या निम्मा. आपल्या पट्टीत साधारण ५० मेगापास्कल. या सूत्रात लांबी, रुंदी, एकूण जाडी कुठेच नाही! पट्टी बारीक केली म्हणून सांध्याचा ताण कमी होत नाही. ही गोष्ट वर्गात ठासून शिकवायला हवी. तिथे बहुधा फक्त वाकणं दाखवलं जातं.

(टोक स्क्रूला टेकतं)

टोक पूर्ण अडलं की सर्वाधिक ताण सांध्यावर राहत नाही, क्लॅम्पजवळच्या बाहेरच्या पृष्ठावर जातो आणि पावणेदोन पट होतो. पितळ सोसण्यापलीकडे गेलं, तर थंड झाल्यावरही पट्टी सरळ होत नाही आणि अशा पट्टीने विजेचा संपर्क जोडणाऱ्या-तोडणाऱ्या थर्मोस्टॅटचं ठरलेलं तापमान सरकतं.

जोर वाढवायचा तर रुंदी वाढवा. जाडी वाढवली तर जोर मिळेल, पण टोक संपर्कापर्यंत पोचेलच असं नाही.