ऐकणाऱ्याचं गाणं

मंडळी, कव्वालीवर बोलायचं म्हटलं की सगळे दिल्ली-अजमेरपासून सुरुवात करतात. मी इचलकरंजीपासून करतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर १८४९ साली आपल्या शेजारच्या चंदूरला जन्मले आणि ग्वाल्हेरची गायकी त्यांनी महाराष्ट्रात आणली. बुवांचे गुरू वासुदेवबुवा जोशी आणि त्यांचे गुरू हस्सूखाँ. हस्सूखाँ आणि हद्दूखाँ या भावांच्या गळ्यात जी तानेची फिरत आली, ती बडे मुहम्मदखाँ यांची. आणि मुहम्मदखाँ कोण, तर ‘कव्वाल बच्चे’ घराण्यातले. शिंद्यांच्या दरबारात या दोघा भावांनी पडद्याआड बसून त्यांचं गाणं ऐकलं आणि ऐकून ऐकून उचललं, अशी कथा सांगतात. म्हणजे कोल्हापूरच्या देवल क्लबात बसून आपले आजे-पणजे ज्या ख्यालाला मान डोलवायचे, त्याच्या एका मुळीला कव्वालांच्या घरचं पाणी होतं.

या कथेतला ‘ऐकलं’ हा शब्द धरून ठेवा. मला आज तेवढंच सांगायचंय.

कव्वाली हा शब्द ‘कौल’वरून आला. अरबीत कौल म्हणजे वचन. आपण देवाला कौल लावतो, निवडणुकीत जनतेचा कौल म्हणतो, तोच हा शब्द. कौल गाणारा तो कव्वाल. पैगंबरांच्या वचनावर बांधलेला ‘मन कुन्तो मौला’ हा कौल आजही दर्ग्यांत गातात, आणि त्याचं श्रेय परंपरा अमीर खुसरोंना देते. पण चिश्ती पंथाच्या सूफींनी या बैठकीला जे नाव दिलं ते ‘समा’. समा म्हणजे श्रवण. बैठक गायची आणि तिचं नाव ऐकण्यावरून! हे नाव मला फार मोठं वाटतं.

कारण समामध्ये गाणं कुठं थांबायचं, कुठं घोळवायचं, हे ऐकणारा ठरवतो. एखाद्या ओळीवर कुणाला हाल आला, म्हणजे भान हरपलं, डोळे भरून आले, की कव्वाल पुढं जात नाही. तीच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. हिला तकरार म्हणतात. चिश्ती संत ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींची गोष्ट प्रसिद्ध आहे. साल १२३५, ठिकाण दिल्ली. कव्वाल अहमद-ए-जामचा एक फारसी शेर गात होते. अर्थ असा की, समर्पणाच्या खंजिरानं ज्यांचा वध झाला, त्यांना क्षणोक्षणी अदृष्टातून नवा प्राण मिळतो. पहिल्या ओळीला ख्वाजा कोसळत, दुसरीला परत येत. कित्येक दिवस हे चाललं आणि त्यातच त्यांनी देह ठेवला. तो शेर म्हणताना माझा आवाज अजूनही कापतो.

दुसरी गंमत गिरहची. गिरह म्हणजे गाठ. मूळ कलामाच्या ओळीला कव्वाल भलत्याच कवीचा शेर आणून बांधतो आणि समेवर पुन्हा मूळ ओळीला येतो. तुम्ही म्हणाल, हे आपल्याला माहीत आहे. आहेच! कीर्तनकार तुकोबांचा अभंग लावतो, मध्येच माउलींच्या ओवीचं प्रमाण देतो आणि टाळकरी पुन्हा चरण उचलतात. टाळ्यांची ती मागची रांग, ढोलक, पेटी. लहानपणी गावच्या उरसात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काहीच परकं वाटलं नव्हतं, त्याचं कारण हेच.

आता सिनेमा. १९४५ च्या ‘झीनत’मध्ये ‘आहें न भरी शिकवे न किए’ आली. गायिका नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी. दर्ग्यातली चौकी, म्हणजे कव्वालांचा ताफा, परंपरेनं पुरुषांची. सिनेमानं कव्वाली बायकांच्या गळ्यात दिली. ही सिनेमाची मोठी देणगी आहे आणि ती मोकळेपणानं मान्य केली पाहिजे.

पण एक गोष्ट बदलली. पडद्यावर हाल येणारा श्रोता नसतो, समोर असतो प्रतिस्पर्धी. मग समाचा मुकाबला झाला. १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये ‘तेरी महफ़िल में’ पाहा. एका बाजूला लता, दुसऱ्या बाजूला शमशाद बेगम, निवाडा करायला शहजादा. एकीला फूल, दुसरीला काटे. हे दिल्लीच्या निजामुद्दीन दर्ग्याच्या अंगणापेक्षा आपल्या कलगी-तुऱ्याच्या जवळचं आहे. रात्रभर सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. पुढच्या काळात पडद्यावरची कव्वाली पुष्कळदा टाळ्या, रुमाल आणि छेडछाड एवढीच उरली. त्यावर मी वेळ घालवत नाही.

मला बोलायचंय त्याच १९६० सालच्या ‘बरसात की रात’बद्दल. संगीत रोशन, शब्द साहिर. ‘ना तो कारवाँ की तलाश है’पासून ‘ये इश्क़ इश्क़ है’पर्यंत सुमारे बारा मिनिटं. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत, तेव्हाची ही बारा मिनिटं! मन्ना डे, रफी, आशा भोसले, सुधा मल्होत्रा, बातिश. सुरुवात चक्क सामन्याची, कोण कुणाला हरवतो याची. आणि मग साहिर गिरह बांधायला लागतात. कृष्णाची बासरी येते, राधा येते, गौतम आणि मसीह एका ओळीत येतात. मध्येच ‘बहुत कठिन है डगर पनघट की’ ही खुसरोंच्या नावानं चालत आलेली ओळ येते. तिथून पुढं कोण जिंकतंय हे मी तरी विसरतो.

ध्वनिफीत तयार आहे. टाळीचा वेग कुठं वाढतो तिकडं कान ठेवा, आणि पनघटाची ओळ आली की शेजाऱ्याशी बोलू नका. लावा.