दांडिया बाजारचा टेलर, टेरिटोरियल आर्मीचा जवान

हे आपले दादा, वर्षभर दांडिया बाजारात ब्लाऊज आणि सदरे शिवतात, आणि आत्ता बडोद्याच्या बाहेर एका मैदानात वर्दीवर रबरी सूट चढवून उभेत, ग्लोव्हजच्या सांध्याला टेप, तोंडाला मास्क, हातात कात्री. अंगावर विषारी केमिकल पडलेल्या माणसाला धुऊन साफ कसं करायचं, त्याचा सराव चाललाय. टेरिटोरियल आर्मी १९४९ पासून आहे, आणि तिच्यात यायचं तर आधी तुमचा स्वतःचा पोटापाण्याचा धंदा हवा, तो सांभाळून फौजी व्हायचं.

बडोद्यात हे कशाला शिकायचं असं कुणी विचारलं तर हसू येतं. नंदेसरीला केमिकलचे कारखाने, कोयलीला रिफायनरी, आणि गावातून मगरींची विश्वामित्री. ऑगस्ट २०२४ मधे काळा घोडा पुलापाशी नदी धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, आर्मी, एनडीआरएफ सगळेच धावले. पण पुरातली बोट सगळ्यांना दिसते, अंगावरचं विष कसं धुतात ते कुणी बघितलेलं नसतं.

तर बघा. समोर कॉलेजातला एक पोरगा झोपवलाय, अंगभर पीठ टाकलंय, ते पीठ म्हणजे केमिकल समजायचं. आपण काय करू, शर्ट डोक्यावरून खेचून काढू ना? मग ते सगळं पीठ नाकातोंडात. म्हणून कात्री समोरून, गळ्यापासून खाली, आणि कापड बाहेरच्या बाजूला गुंडाळत न्यायचं, मगच साबण आणि भरपूर पाणी. नुसते कपडे काढले तरी बरंचसं विष त्यांच्याबरोबरच जातं. बायकांचा तंबू वेगळा, आणि तिथे खरी कसोटी मंगळसूत्राची, ते काढून नंबर टाकलेल्या पिशवीत ठेवायचं म्हटलं की वाद झालाच म्हणून समजा. हे सगळं चालतं ते वारा पाठीवर घेऊन, आणि क्लोरीन असेल तर उंचावर, कारण तो हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचून बसतो.

दादांची कात्री काय सुंदर चालते, आयुष्यभर कापडच कापलंय ना! पोरगा धुऊन पलीकडे गेला. आता स्वतःचा सूट उतरवायचा, आतली बाजू बाहेर करत, मास्क अगदी शेवटी. सगळं बरोबर केलं त्यांनी. मग शिकवणारे उस्ताद जवळ आले, दादांच्या कानामागे बोट दाखवलं. चिमूटभर पीठ. कधीतरी मास्कचा पट्टा सारखा केला असणार, त्यांना आठवतही नाही.

"फिर से," उस्ताद म्हणाले. पोरगा परत जाऊन झोपला, पीठाचा डबा उघडला.