वाशिष्ठीचं पाणी आणि दाभोळची खाडी : एकाच पाण्याचे अनेक मालक

मंडळी, विषयाचं नाव मोठं आहे, ‘किनारी पाणी आणि पाणलोट यांचं एकत्रित शासकीय व्यवस्थापन’. मी मात्र एकाच नदीबद्दल बोलणार आहे. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, चिपळुणातून जाते, वाटेत खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते आणि दाभोळ-अंजनवेलच्या मुखातून ती समुद्रात जाते. सगळा प्रवास सत्तरेक किलोमीटरचा. घाटमाथ्यावर सकाळी पडलेला पाऊस दुसऱ्या दिवशी खाडीत असतो. इतक्या आखूड नदीचा कारभार किती खात्यांत वाटला गेलाय, ते आधी पाहू.

कायद्याने या नदीवर एक रेघ ओढली आहे. 1991 साली किनारा नियमनाची, म्हणजे आपण सीआरझेड म्हणतो ती, पहिली अधिसूचना निघाली. नंतर 2011 आणि 2019 साली ती नव्याने आली. खाडी कुठपर्यंत धरायची, याचा त्यात दिलेला निकष असा : वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्यातली क्षारता हजार भागांत पाच भाग असते, तिथपर्यंत. त्या रेघेच्या खाली किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचा अधिकार, वर जलसंपदा, वन, महसूल, कृषी. खालीही एकटं प्राधिकरण नाही. होड्या आणि बंदरं मेरीटाइम बोर्डाकडे, मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याकडे, कांदळवन वनविभागाकडे, खारजमिनींचे बांध खारभूमी विभागाकडे, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. प्रत्येकाचा कायदा वेगळा, नकाशा वेगळा, साहेब बसतो ते गाव वेगळं.

आणि ही रेघ जागेवर राहत नाही. वाशिष्ठीच्या बाबतीत तर ती माणसाच्या हातात आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्च-एप्रिलमध्ये डबक्यांवर येतात. वाशिष्ठी तशी आटत नाही, कारण तिला कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, मिळतं. कोयना मुळात पूर्वेकडे, कृष्णेला जाणारी नदी. धरणात अडवलेलं तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरवतात, पोफळी-अलोरे भागात त्यावर वीज तयार होते आणि वापरलेलं पाणी वाशिष्ठीत येतं. कृष्णेच्या पाण्याची वाटणी ठरवणाऱ्या बच्छावत लवादाने या वळवण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. म्हणजे सुमारे 191 कोटी घनमीटर गोडं पाणी. ते दुसऱ्या खोऱ्यातून आलेलं आहे आणि विजेच्या गरजेप्रमाणे कमी-जास्त होत आहे. कोयना प्रामुख्याने मागणी चढते त्या वेळी चालवली जाते. त्यामुळे ऐन मे महिन्यात खाडीत गोडं पाणी किती आणि कुठल्या वेळी उतरणार, हे विजेच्या वेळापत्रकाने ठरतं.

लवादापुढे महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश हे पक्षकार होते. कृष्णेच्या पाण्याची वाटणी हा तिथला प्रश्न होता. दाभोळच्या खाडीची बाजू मांडणारं तिथे कुणी नव्हतं, आणि त्या काळात तशी अपेक्षाही नव्हती. पण आज? हेच अवजल पाइपलाइनने मुंबईकडे न्यावं, असा प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत आहे. समजा तो उद्या मंजूर झाला. किनारा प्राधिकरण काय तपासणार? पाइप सीआरझेडमधून जात असेल तर तेवढा पट्टा. पाणी उचलल्यावर खारं पाणी किती वर चढेल, काठच्या विहिरी मचूळ होतील का, सांडपाणी पातळ करणारा प्रवाह कमी झाला तर खाडीत काय होईल, हे प्रश्न विचारणं कुणा एकाचं काम म्हणून लिहिलेलंच नाही. मला वाटतं, सगळ्या विषयातली सर्वांत गंभीर त्रुटी ही आहे. समन्वय नाही म्हणून आपण हळहळतो, पण इथे प्रश्न विचारण्याची जबाबदारीच कुणावर टाकलेली नाही.

सांडपाण्याचा मुद्दा आला म्हणून लोट्याकडे वळतो. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत रसायनांच्या कारखान्यांची. सामायिक प्रक्रिया केंद्रातून निघणारं पाणी करंबवणेच्या बाजूला खाडीत सोडतात. दाभोळ खाडीत मासे मरून वर आल्याच्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत आणि खाडीवर जगणाऱ्या भोई समाजाने त्यासाठी वर्षानुवर्षं दाद मागितली आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनेही 2011 च्या अहवालात लोट्याची दखल घेतली होती. तपासणी होते ती पाइपाच्या तोंडाशी : नमुना मर्यादेत आहे की नाही. खाडीला मात्र एकूण भार सोसायचा असतो. कारखान्यांचं पाणी, चिपळूण आणि खेडचं सांडपाणी, शेतातून वाहून येणारी खतं, वरून येणारा गाळ, सगळं एकाच पाण्यात. भरती हा भार परत वर ढकलते. ओहोटीला घेतलेला नमुना आणि भरतीला घेतलेला नमुना यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. सगळ्या भाराची एकत्र बेरीज करायला कुणालाच बांधलेलं नाही.

आता गाळ. 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर इथल्या कुणाला सांगायला नको. घाटात कोसळणारा पाऊस, गुरुपौर्णिमेच्या तोंडावरचं उधाण आणि गाळाने उथळ झालेलं पात्र. वरून पाणी येतंय आणि खालून समुद्र त्याला पुढे जाऊ देत नाही. माणसं गेली, बाजारपेठ बुडाली. त्यानंतर गाळ काढण्याची मागणी झाली, ती रास्तच होती, आणि काम सुरूही झालं. पण गाळ येतो कुठून? रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी मिळते आणि डोंगर मोकळा होतो. घाटरस्त्यांचं रुंदीकरण, चिऱ्याच्या खाणी, उतार कापून केलेले प्लॉट, या प्रत्येकाला वेगळ्या टेबलावरून मंजुरी. ती देताना चिपळूणच्या पात्रात किती माती उतरेल, हा रकाना अर्जात नसतो. काढलेला गाळ काठावरच पडून राहिला, तर पुढच्या पावसात तो पुन्हा पात्रात. खाली खाडीत साठलेल्या गाळावर कांदळवन उगवतं आणि 2005 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशापासून त्याला कडक संरक्षण आहे. ते असलंच पाहिजे. मासळीची पिल्लं तिथेच वाढतात. त्या झाडांना पुराचा दोष देणारी भाषा मला मान्य नाही. माती वरून आली, तिचा बंदोबस्त वरच व्हायला हवा.

जगात हे कुणाला जमलंय का? अर्धंमुर्धं जमलेलं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा चेसापीक उपसागर. त्याचं पाणलोट क्षेत्र सहा राज्यांत आणि राजधानीच्या प्रदेशात पसरलेलं, सुमारे 1 लाख 66 हजार चौरस किलोमीटर. 1983 साली पहिला करार झाला. त्यात पेनसिल्व्हेनिया राज्य होतं, आणि पेनसिल्व्हेनियाला या उपसागराचा किनाराच नाही! तरी ते टेबलाशी बसलं, कारण उपसागरातलं निम्म्याच्या आसपास गोडं पाणी ज्या सस्क्वेहाना नदीतून येतं, ती त्या राज्यातून वाहते. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. पुढची पंचवीसेक वर्षं स्वेच्छेवर चालली आणि उद्दिष्टं हुकत गेली. शेवटी डिसेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने एकूण भाराचा आकडा बांधून दिला : वर्षाला नायट्रोजन सुमारे 84 हजार टनांहून जास्त येता कामा नये, फॉस्फरस आणि गाळ यांच्याही मर्यादा ठरल्या. तो भार राज्यांमध्ये वाटला गेला. शेतकरी संघटना कोर्टात गेल्या आणि हरल्या. 2025 ची मुदत पूर्णपणे पाळली गेली नाही, हेही खरं. पण कोण किती मागे आहे, हे तिथे नावानिशी कळतं.

आपल्याकडे नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचं कारण नाही. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या तिसऱ्या कलमाने केंद्राला प्राधिकरण नेमता येतं. किनारा प्राधिकरण त्याच कलमाखाली जन्मलं आहे. खोरं आणि खाडी मिळून एक प्राधिकरण तसंच नेमता येईल. पण मी त्याआधीचं पाऊल सुचवतो. सीआरझेडच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्या समितीत स्थानिक पारंपरिक किनारी समाजांचे, मच्छीमार धरून, किमान तीन प्रतिनिधी असलेच पाहिजेत, असं अधिसूचनाच सांगते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच. महसूल आणि गौण खनिजं त्यांच्या हाताखाली. म्हणजे रेघेच्या वरचा आणि खालचा बराचसा अधिकार एकाच खुर्चीपाशी आलेला आहे. कमी आहे ती एकत्र बैठक आणि एकत्र आकडे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. वाशिष्ठी-जगबुडी खोऱ्यासाठी या समित्यांची वर्षातून दोनदा संयुक्त बैठक व्हावी, पहिली मे महिन्याच्या आधी आणि दुसरी पावसाळ्यानंतर. कोयना प्रकल्पाच्या अभियंत्यांनी तिथे अवजलाचं वेळापत्रक ठेवावं. प्रदूषण मंडळाने भरती आणि ओहोटी, दोन्हीचे नमुने ठेवावेत. वनविभागाने त्या वर्षी कुठल्या गावात किती तोडीला परवानगी दिली ते ठेवावं, आणि जलसंपदाने पात्राचे नव्याने मोजलेले छेद. भोई, खारवी आणि दालदी या मच्छीमार समाजांच्या प्रतिनिधींना कागद बैठकीआधी मराठीत मिळावेत. अवजल उचलण्याचा कुठलाही प्रस्ताव या बैठकीसमोर आल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिल्या वर्षी एवढं झालं, तर दुसऱ्या वर्षी खाडीच्या एकूण भाराचा आकडा ठरवायला हातात माहिती असेल. या मागणीचं निवेदन बाहेरच्या टेबलावर ठेवलं आहे. ते वाचा, पटलं नाही तिथे खोडा, आणि मग सही करा.