नकाशातला कर्ता

पडद्यावर दिसणारा हा नकाशा 1971 सालचा आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचा काही भाग, श्रीमंत उपनगरांतून शहराच्या मध्यभागाकडे जाणारा वाहनांचा मार्ग आणि त्यावर केलेल्या खुणा, एवढेच त्यात आहे. प्रत्येक खूण म्हणजे मोटारीखाली सापडलेले एक मूल. एखाद्या सरकारी कार्यालयाने याला ‘बालकांच्या अपघाती मृत्यूंची ठिकाणे’ असे नाव दिले असते आणि ते चुकीचेही ठरले नसते. या नकाशाचे शीर्षक मात्र असे सांगते, की कामासाठी रोज ये-जा करणारे लोक कृष्णवर्णीय मुलांना कोठे चिरडतात. पहिल्या शीर्षकात कर्ता नाही; दुसऱ्यात तो ठळकपणे आहे.

हा नकाशा ‘डेट्रॉइट भौगोलिक मोहीम आणि संस्था’ या उपक्रमातून निघाला. गणिती पद्धतीच्या सैद्धांतिक भूगोलासाठी ओळखले जाणारे विल्यम बंगी आणि विशीही न गाठलेली, याच शहरात वाढलेली ग्वेंडोलिन वॉरन हे दोघे त्याच्या केंद्रस्थानी होते. विद्यापीठाची दारे ज्यांच्यासाठी सहसा उघडत नसत, अशा तरुणांना येथे महाविद्यालयीन दर्जाचा भूगोल विनामूल्य शिकवला गेला आणि हे विद्यार्थी आपल्याच गल्ल्यांचे संशोधक झाले. भूगोलाच्या इतिहासात ‘मोहीम’ म्हटले, की परक्या प्रदेशात जाणारी जहाजे आठवतात. येथे मोहीम घराच्या उंबऱ्यापासून सुरू झाली. मूल कोणत्या वेळी, कोठे आणि कोणाच्या गाडीखाली गेले, ही माहिती पोलिसांकडून सरळ मिळत नव्हती. ती मिळवण्यासाठी राजकीय वजन असलेल्या व्यक्तींची मदत घ्यावी लागली. संशोधनाचा निम्मा भाग तेथेच होता, असे म्हणायला हरकत नाही.

विस्थापनाच्या नोंदी वाचतानाही हाच कर्ता शोधावा लागतो. डेट्रॉइटमधील ‘ब्लॅक बॉटम’ ही कृष्णवर्णीयांची दाट वस्ती शहर नूतनीकरणाच्या नावाखाली पाडण्यात आली आणि हेस्टिंग्ज रस्त्यावरची दुकाने व संगीतगृहे जेथे होती, तेथून क्रायस्लर महामार्ग नेण्यात आला. ‘पाडण्यात आली’, ‘नेण्यात आला’: आत्ताचे हे निवेदनही नकळत त्याच सरकारी वळणावर गेले. 1967 च्या वांशिक उद्रेकात याच शहरात 43 माणसे मृत्युमुखी पडली. त्या संघर्षाचा भूगोल केवळ जळालेल्या दुकानांच्या जागा दाखवून पुरा होत नाही. आधीची वीस वर्षे घरे कोणी पाडली आणि कर्ज कोणत्या वस्त्यांना नाकारले, हेही त्याच कागदावर यावे लागते.

1979 मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात नॉर्थवूड मॅनर या बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीजवळ कचराभूमीला परवाना मिळाला. रहिवाशांच्या वकील लिंडा मॅकीव्हर बुलार्ड यांनी आपले पती, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांच्याकडे पुरावा मागितला आणि त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून जुन्या नोंदी उपसल्या. संगणकीय नकाशे हाताशी नव्हते. शहर इतके सपाट, की कोठे टेकाड दिसले तर खाली कचरा असल्याचा संशय घ्यावा. हाती आलेले चित्र असे होते: लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे 25 टक्के, पण नगरपालिकेच्या पाचही कचराभूमी आणि कचरा जाळण्याच्या आठपैकी सहा भट्ट्या त्यांच्या वस्त्यांत.

न्यायालयाने हे आकडे पाहिले. वातानुकूलन नसलेल्या शाळेच्या इतक्या जवळ कचराभूमी आणणे शहाणपणाचे नाही, असेही न्यायाधीशांनी नोंदवले. तरीही स्थगिती मिळाली नाही, कारण कायद्याला परिणाम पुरेसा नव्हता. जाणूनबुजून भेदभाव केल्याचा पुरावा हवा होता. टाचण्या लावलेला नकाशा ‘कोठे’ हे निर्विवाद सांगतो, ‘कोणत्या हेतूने’ हे सांगायला त्याच्याकडे चिन्हच नसते. हा नकाशा बनवणाऱ्यांचा दोष नव्हे, पण या विषयात काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही मर्यादा कधी ना कधी भेटते.

1985 मध्ये रहिवासी खटला हरले. कचराभूमी शाळेजवळच राहिली. तिचे नाव होते ‘व्हिस्परिंग पाइन्स’, म्हणजे कुजबुजणारी पाइनची झाडे.