सोन्याची लाल रेघ

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. गडचिरोलीच्या या जंगलपट्ट्यात मलेरिया डोकं वर काढतो तोही याच दिवसांत. पूर्वी तापकऱ्याचं रक्त काचेवर घ्यायचं, काच दूर प्रयोगशाळेत पाठवायची आणि वाट बघत बसायचं. फॅल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार तेवढी सवड देत नाही. उपचार लांबले तर तो मेंदूपर्यंत जातो आणि लहान मूल बघता बघता हातचं निसटतं.

आता आशाताईच्या पिशवीत एक छोटंसं किट असतं. आरडीके, म्हणजे जागच्या जागी झटपट निदान करणारी पट्टी.

“बोट दे बाळा. मुंगी चावल्यासारखं होईल, बस.”

रक्ताचा एक थेंब, वर द्रावणाचे थेंब. पट्टीकडे नीट बघा. लालसर ओल हळूहळू पुढे सरकतेय. ही लाली नुसती रक्ताची नाही, तिच्यात सोनं आहे. खरं सोनं! केसाच्या जाडीत हजारावर कण ओळीनं मावतील इतकं बारीक. एवढं बारीक झालं की सोनं पिवळं राहत नाही, लाल दिसतं. लंडनमध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं 1857 मध्येच हे मांडलं होतं.

या कणांवर अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच पकडणारे रेणू, चिकटवलेल्या असतात. फॅल्सिपेरमचा परजीवी रक्तात एचआरपी-2 नावाचं प्रथिन सोडतो. अँटीबॉडी ते धरतात आणि ओलीबरोबर पुढे वाहतात. वाटेत दुसऱ्या अँटीबॉडींची रेघ आखलेली असते, ती त्यांना सोन्यासकट अडवते. एकटा कण डोळ्याला दिसायचा नाही. असंख्य साचले की रेघ उमटते. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. अतिसूक्ष्म नॅनोकणांचा हा बायोसेन्सर, म्हणजे जैविक रेणूंनी रोग हेरणारं साधन, पाड्यावरच्या ओसरीत काम करतो, आणि माझ्या लेखी त्याची खरी थोरवी हीच.

पट्टी चुकतेही. परजीवी फारच कमी असले तर रेघ येत नाही. काही परजीवींनी तर एचआरपी-2 चं जनुकच टाकून दिलंय, हे आधी पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यात दिसलं. उलट, बरं झाल्यावरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात रेंगाळतं. म्हणून काच तपासणं सुटलेलं नाही. ग्राफीनसारख्या (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) पदार्थांचे जास्त संवेदनशील सेन्सर प्रयोगशाळांत घडताहेत. ते या ओसरीपर्यंत यायला हवेत.

पंधरा-वीस मिनिटं झाली. ताई पट्टी उजेडाकडे धरते. पट्टी नीट चालल्याची खूण असलेली एक रेघ ठळक, दुसरी, मलेरियाची, फिकी. पण आहे. ती गोळ्यांचं पाकीट फोडते आणि पोराच्या आईला म्हणते, “पहिला डोस माझ्यासमोर दे. पाणी आण.”